आपापली फळी

फार पूर्वी, नदीला पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. एका गावाची मिळून एक नाव होती. कुणी लाकूड दिलं, कुणी अंगमेहनत केली, तेव्हा ती तयार झाली. चालवायला गावानंच एक नावाडी नेमला होता.

दर उन्हाळ्यात सगळं गाव नदीवर जमायचं आणि नाव पालथी घालायचं. प्रत्येक घराची एक फळी ठरलेली. आपली फळी बोटांनी वाजवून बघायची, तिला तेल पाजायचं आणि मग उंबराखाली बसून कांदा-भाकरी खायची. काय दिवस होते ते! तेलाचा वास आठ-आठ दिवस हाताला राहायचा. नावाड्यानं लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ते सारं पाहिलं होतं.

मोठेपणी मात्र त्याला ते टोचू लागलं. मी एवढा कसलेला, आणि हे माझं काम तपासणार? त्यातच एका वर्षी नाव खडकाला घासली आणि तळाला चीर पडली. लाजेपोटी त्यानं गुपचूप वरून डांबर फासलं आणि गावाला सांगितलं, "यंदा कशाला तरास घेता? म्या बघितलंय समदं."

लोकांनाही बरंच वाटलं. एवढ्या उन्हात कोण जाणार?

पावसाळा सरला. नदी अजून दुथडी भरून वाहत होती. पलीकडच्या जत्रेला निघालेली पोरंटोरं नावेत चढली. एक म्हातारी मात्र काठावरच थांबली.

"चल की आजी," नावाडी म्हणाला.

"न्हाई बाबा. यंदा माझी फळी म्या वाजवलीच न्हाई."

"माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तुझ्यावर हाय रं लेकरा. पर फळी माझी हाय. मीच बघितली न्हाई, तर उद्या तुला कोणत्या तोंडानं बोलू?"

नावाड्याची नजर नावेच्या तळाकडं गेली. चीर नेमकी म्हातारीच्याच फळीत होती. गप्प बसलं तर अब्रू राहणार होती, पण नावेत वीस पोरं होती. त्यानं वल्हं खाली ठेवलं.

"उतरा रं समदी. माझी चूक म्या लपवलीया."

नाव पालथी घातली, डांबर खरवडलं. आत बोट जाईल एवढी चीर! निरोप द्यायला काठावर आलेल्या आयांनी आपापली पोरं जवळ ओढली. एकजण नावाड्यावर धावून गेला, तशी म्हातारी मधे उभी राहिली.

"त्यानं बोलावलं न्हाई, ही त्याची चूक. पर आपुन तरी कुठं आलो?"

त्या दिवशी जत्रा हुकली. सुतारानं फळी बदलली, घराघरातून तेल आलं, उंबराखाली भाकरीची फडकी सुटली. तो जुना वास हाताला लागला आणि नावाड्याचे डोळे भरून आले. पुढच्या उन्हाळ्यापासून तोच दारोदार हाक घालू लागला, "चला, आपापली फळी वाजवायला!"

तात्पर्य: गावाची वस्तू सांभाळणाऱ्यानं ती उघडी करून दाखवावी, आणि ज्यांची आहे त्यांनी ऊन सोसून ती बघायला जावं.