दोरांनी आखलेलं घर

एका गावात दोर वळणाऱ्याचं एक घर होतं. घर म्हणजे काय, बुटकी दारं, एवढीशी खिडकी आणि चूल पेटली की घरभर धूर. पण दोर असे पक्के, की पंचक्रोशीतल्या विहिरींवर आणि गोठ्यांत याच घरचे दोर दिसायचे.

घरात तिघं जण. दोरवाला, त्याची बायको आणि त्याचे म्हातारे वडील. वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांचे डोळे तरुणपणीच देवीच्या आजारात गेले होते. तरीही ते घरात इतके सरसर चालायचे, की नव्या माणसाला ते आंधळे आहेत हे उमगतच नसे. खाटेवरून उठले की हात धान्याच्या कणगीला लागायचा, कणगीनंतर माठ, माठानंतर उंबरा, आणि उंबऱ्यापलीकडे पडवी. तिथे बसून ते दिवसभर दोर वळायचे आणि पावलांच्या आवाजावरून रस्त्याने जाणाऱ्याला नावानिशी हाक मारायचे.

धंद्यात बरकत आली, तसं दोरवाल्याने ठरवलं, आता नीट घर बांधायचं. मग काय विचारता! गवंड्याला विचारलं, सुताराला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं. वाटेवर पाणी प्यायला थांबलेल्या एका अनोळखी पाहुण्यालासुद्धा विचारलं. त्यानेही पाण्याच्या मोबदल्यात भरपूर सल्ला दिला.

विचारलं नाही ते आबांना; उलट त्यांच्या कानावर काही जाणार नाही याची काळजी घेतली. दोरवाल्याच्या मनात होतं, की आबांसाठी मागच्या बाजूला एक छान खोली बांधायची. थंडगार, निवांत, कुणाची वर्दळ नाही. घर पुरं झालं की हाताला धरून त्यांना तिथे न्यायचं आणि त्यांचा चेहरा कसा खुलतो ते बघायचं. बिचाऱ्याचं वडिलांवर खरंच प्रेम होतं.

गवंड्याने शेजारच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीने घर आखलं. "उद्या पाया खणू. या बाजूची भिंत हादरेल, आज तिच्याजवळचं सामान हलवून ठेवा," तो म्हणाला.

दुपारी आबा झोपले होते, तेव्हा दोरवाल्याने आवाज न करता कणगी ओढून पलीकडच्या भिंतीला लावली आणि माठ बाहेर नेला.

थोड्या वेळाने आबा उठले. रोजच्यासारखी त्यांनी पावलं टाकली आणि हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. ते आणखी पुढे गेले, मग वळले, मग पुन्हा वळले. भर घरात, दोन्ही हात पुढे करून ते उभे राहिले.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "मी कुठं आहे गं?"

दोरवाला दारातच थबकला. त्याला आठवत होतं तेव्हापासून आबांना दिसत नव्हतं. पण आपले वडील आंधळे आहेत, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. धावत जाऊन त्याने आबांचा हात धरला आणि तो बाहेर बघून ओरडला, "गवंडीदादा, काम बंद! घर आहे तसंच राहील."

बायकोचा चेहरा पडला. किती वर्षं ती त्या धुरात भाकऱ्या थापत होती.

"कसलं काम?" आबांनी विचारलं.

दोरवाल्याने सगळं सांगून टाकलं. "तुम्हाला आनंद द्यायचा होता, आबा."

"आनंद माझा, आणि तो कसला ते ठरवणार तू?" आबा तडकले. मग जरा शांत झाले. "अरे, मला नवं घर नको असं कोण म्हणालं? ही पोर धुराने खोकते ते मी रोज ऐकतो. बांध घर. पण बांधायच्या आधी मला त्यातून चालून येऊ दे."

"अजून घरच नाही, आबा. जमिनीवर नुसती फक्की मारलीय. ती तुम्हाला कशी कळणार?"

"मग पायाला कळेल असं तुझ्या घरात काय आहे ते बघ."

दोरवाल्याने इकडे तिकडे पाहिलं. पडवीत दोरांची भेंडोळी पडली होती. त्याने ती उचलली आणि फक्कीच्या रेघांवर जाडजूड दोर अंथरून खुंट्या ठोकल्या. दारं होती तिथे दोर तोडला. गवंडी वैतागला. "उद्या पाया नाही खणला तर मी दुसऱ्या गावचं काम धरीन, मग येणार तो थेट दिवाळीनंतर!"

"चालेल," दोरवाला म्हणाला. "थांबू आम्ही."

आबांनी वहाणा काढल्या. अनवाणी पायाने दोर चाचपत ते घरात शिरले. दार ओलांडलं, माजघर ओलांडलं, आणि अगदी मागे जाऊन थांबले.

"ही तुमची खोली, आबा. एकदम निवांत."

आबा कान देऊन उभे राहिले. "इथं भाकरी थापल्याचा आवाज येईल?"

"नाही."

"रस्त्याने कोण गेलं ते कळेल?"

"नाही आबा. तुम्हाला त्रास नको म्हणून मुद्दामच..."

"लेका," आबा हळूच म्हणाले, "तुमचे डोळे मिटले की तुम्हाला अंधार होतो. मला आवाज थांबले की होतो."

दोरवाल्याने खाली वाकून खुंट्या उपटल्या आणि आबांची खोली पुढे, पडवीला लागून घेतली.

"सूनबाई, तूही ये. तुझी चूल कुठाय बघ," आबांनी हाक मारली. गंमत म्हणजे, तिलाही कुणी विचारलं नव्हतं! ती दोरांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि वाऱ्याचा अंदाज घेत म्हणाली, "खिडकी इकडे ठेवलीत तर वारा धूर परत माझ्याच तोंडावर आणील. समोरच्या भिंतीला घ्या." दोर पुन्हा हलले. एव्हाना गवंडीही रुसवा विसरून खुंट्या ठोकायला लागला होता. दुसऱ्या गावाला निरोप धाडून तो तिथेच थांबला.

पुढे काही दिवस आबा रोज सकाळी त्या दोरांच्या घरात फेऱ्या मारायचे. येणारे जाणारे हसायचे. हसोत बापडे! आबांची पावलं घर पाठ करत होती. ती बिनचूक पडू लागली, तेव्हाच पाया खणला.

घरभरणीला सगळं गाव लोटलं. दूरचे एक पाहुणे दारात येताच आबांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. "या, जपून. इथं पायरी आहे." मग त्यांना माजघर दाखवलं, आपली खोली दाखवली आणि शेवटी स्वयंपाकघरात नेलं.

"ही आमच्या सूनबाईची खिडकी," आबा अभिमानाने म्हणाले. "उजेड बघा किती येतो!"

पाहुण्यांनी पाहिलं. खरंच खूप उजेड येत होता.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या सुखासाठी काही करायचं, त्याला आधी विचारावं. प्रेमाने केलेलं कामही न विचारता केलं, तर ते त्याच्या उपयोगी पडेलच असं नाही.