नाव ठेवलेली अळंबी

खूप मागची गोष्ट आहे, बाळांनो. तेव्हा डोंगरसुद्धा आत्ताएवढे म्हातारे नव्हते. एका ओढ्याच्या काठी दोन वाड्या होत्या, वरली आणि खालली. पोळा झाला की दोन्ही वाड्यांचे गडी दोर ओढायचे. जी वाडी जिंकेल तिच्या शेतात ओढ्याचं पाणी आधी जायचं. भाद्रपदात पावसानं दडी मारली की त्या पाण्यावरच भात जगायचं.

वरल्या वाडीची माणसं श्रावणात वारुळावरची अळंबी खायची. ताजीचं कालवण करायची, उरलेली चुलीवर धुरात सुकवायची. खालल्या वाडीला त्याचं हसू. "आले बघा कुत्र्याच्या छत्र्या खाणारे," म्हणायचे.

मग काय झालं, वरल्या वाडीच्या म्होरक्यानं खालल्या वाडीतली बायको केली. लग्नाच्या पंगतीत सासरा म्हणाला, "जावईबापू, पोटभर जेवा. आमच्याकडं छत्र्या मिळत नाहीत." सारी पंगत हसली. जावयाची मान खाली गेली.

त्या दिवसापासून त्यानं ती भाजी सोडली. त्याचं बघून बाकीच्या गड्यांनी सोडली. वारुळावर अळंबी दिसली की पायानं उडवायचे.

त्याच साली वरल्या वाडीत डाळ पिकली नाही. गुरांना खुरकूत झाली, दूध आटलं. गडी नुसत्या नाचणीच्या आंबिलावर राहिले. पोळ्याला दोर हातातून निसटला आणि वरल्या वाडीचं भात उभ्या उभ्या करपलं.

पुढचा श्रावणही तसाच आला. आणखी एकदा हरले तर वाडीच उठवावी लागणार होती.

म्होरक्याची आई ठकुआई आपल्यापुरतं कालवण शिजवायची. सून शेजारी नाक मुरडून बसायची. एके दिवशी भुकेपुढं नाकाचं काही चाललं नाही.

"आत्याबाई, घासभर द्या."

"कुत्र्याची आहे गं ती. तुझ्या बापानं सांगितलंय ना?"

"बाप काय इथं वाढायला येतोय?"

ठकुआईनं वाढलं. सुनेनं बोटं चाटली. "ही डाळ म्हणायची का मटण?"

"दोघांची मावशी. डाळीसारखी अंगाला लागते, मटणासारखी तोंडाला लागते, आणि पोटाला जड होत नाही. तुझा नवरा याच कालवणावर एवढा थोराड झालाय. आता लाजतोय."

दुसऱ्या दिवशी दोघी रानात गेल्या. ठकुआईनं बजावलं, "मी दाखवीन तेवढीच खुड. अनोळखी छत्री कितीही देखणी असो, तिला हात लावायचा नाही."

रात्री म्होरक्यानं ताट बाजूला सारलं. "कुत्र्याची छत्री? मी नाही खात."

सून म्हणाली, "माझ्या बापाचे शब्द माझ्या चुलीपुढं नकोत. खा."

तो खाली मान घालून जेवला आणि पुन्हा वाढून घेतलं. बातमी घरोघरी गेली. वरल्या वाडीच्या चुलींवर परत कालवणाचा वास दरवळला. श्रावण सरेपर्यंत गड्यांच्या दंडात बळ आलं.

पोळा झाला. दोर ताणला गेला. खालल्या वाडीचे गडी दुधातुपावर पोसलेले, त्यांनी हिसक्यावर हिसके दिले. पण वरल्यांच्या टाचा चिखलात रुतल्या त्या हलल्याच नाहीत. हळूहळू दोर वर सरकू लागला आणि खालल्यांचा दोर धरलेले सासरेबुवा गुडघ्यांवर आले.

चिखल पुसत त्यांनी लेकीला विचारलं, "काय खाऊ घातलंस गं यांना?"

"अळंबी."

"म्हणजे ती कुत्र्याची..."

"अळंबी, आबा. नीट म्हणा."

दोन्ही वाड्या ऐकत होत्या. सासरेबुवा घसा खाकरून म्हणाले, "अळंबी."

त्या साली वरल्या वाडीचं भात कमरेइतकं झालं. पुढच्या श्रावणात खालल्या वाडीच्या बायका टोपल्या घेऊन ठकुआईच्या दारात आल्या, आणि ठकुआई ताठ मानेनं त्यांच्या पुढं रानात चालू लागली.

म्हणून सांगते: ज्या अन्नानं आपल्याला वाढवलं, त्याला दुसऱ्यानं ठेवलेल्या नावानं कधी हाक मारू नये.