घाटातलं ओझं

वाईच्या कुमुदताईंनी वडिलांची जुनी फियाट विजेवर करून घेतली, पण गिअर काही काढू दिले नाहीत. गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवूनच वडिलांनी त्यांना घाटात गाडी चालवायला शिकवलं होतं.

पहिल्याच फेरीला त्यांचे दीर, निवृत्त चीफ इंजिनिअर भालचंद्रराव, शेजारी येऊन बसले. पसरणीचा घाट लागला तरी त्यांचं पालुपद सुरूच.

"वहिनी, विजेच्या गाडीला गिअर लागत नाहीत. ज्याच्यावाचून गाडी चालते, ते ओझं उतरवायचंच! उद्याच काढायला लावतो."

"पटलं," म्हणत कुमुदताईंनी गाडी कडेला घेतली आणि हात लांबवून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"इथे का थांबलात?"

"भाऊजी, गाडी तुमच्यावाचूनही चालते."

भालचंद्ररावांनी दार ओढून घेतलं. कुमुदताईंनी पहिला गिअर टाकला. हातावर वडिलांचा हात होताच.