खोडलेली ओळ

“पण पुसली, तर बिघडलं काय मॅडम?”

डॉ. मयूरेश रेडेकरच्या हातात डस्टर होतं. समोर खुर्चीत दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर, मुल्लाणी बाई बसल्या होत्या. मी कंपाउंडर, आत गोळ्या मोजत होतो, पण कान बाहेर होते.

साथीचे दिवस. फोनवर रोज नवा उपाय येई आणि आमचं गाव तो करून बघे. म्हणून बाईंनी दवाखान्याच्या ओट्यावर फळा टांगला होता. खरी बातमी तेवढी त्यावर. त्या महिन्यात खडू त्यांनी मयूरेशकडे दिला होता. पोरगा हुशार, चहाआधी जगभरचं वाचून व्हायचं. ते तो आम्हाला विसरू द्यायचा नाही, एवढंच.

आठ दिवसांपूर्वी त्यानं फळ्यावर लिहिलं होतं, ‘पिवळी गोळी रोज एक घ्या, आजार टळेल.’ आज नवी माहिती आली. गोळीचा उपयोग नाही, उलट कमजोर हृदयाला धोका आहे. त्यानं जुनी ओळ पुसली आणि ‘पिवळी गोळी घेऊ नये’ असं सुबक अक्षरात लिहिलं.

“त्या दिवशी ते खरं होतं,” तो म्हणाला. “आज हे खरं आहे. विज्ञान असंच पुढं जातं.”

“जातं,” बाई म्हणाल्या. “पण ती ओळ वाचून गेलेल्या शिवाप्पाचं काय?”

“कोण शिवाप्पा?”

शिवाप्पा कुंभार. ओढ्यापलीकडं राहतो. हृदय कमजोर, म्हणून बाईंकडे महिन्यातून एकदा येतो. परवाच्या सोमवारी फळा वाचून त्यानं गोळ्या नेल्या होत्या. मीच दिल्या. ते आठवलं आणि मी मोजणं सोडून बाहेर आलो.

“माणूस पाठवतो त्याच्याकडं,” मयूरेश म्हणाला.

“पाठव. आणि दुकानातनं ज्यांनी नेल्या, त्यांच्याकडं?”

“ते… येतील, फळा वाचतील.”

“एकदा वाचलेलं पुन्हा वाचायला कोण येतं?”

त्यानं डस्टर खाली ठेवलं.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खडू घेतला. पुसलेली ओळ तारखेसकट, होती तशी पुन्हा लिहिली. मग तिच्यावर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, ‘हे आम्ही चुकीचं सांगितलं. गोळी लगेच थांबवा.’ त्याखाली स्वतःचं नाव.

“मॅडम, ओळ माझी होती.”

“फळा माझा आहे.”

“लोक हसतील.”

“हसू देत. हसतील ते चार घरी सांगतील.”

चाळीस वर्षं मी या बाईंच्या हाताखाली आहे. त्यांना चुकताना पाहिलंय. चूक लपवताना पाहिलं नाही.

पाठवलेला माणूस परत यायच्या आतच शिवाप्पाची बायको गंगव्वा धापा टाकत ओट्यावर आली. पदराची गाठ सोडून तिनं गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

“बाई, तुमी चुकलासा म्हनं. गिरणीत समदी त्येच बोलत्यात.”

“हो, आम्ही चुकलो,” बाई म्हणाल्या. “शिवाप्पानं आजची घेतली?”

“तोंडात टाकली हुती. थुकाय लावली म्या.” तिनं पदरानं घाम पुसला. “दोन दिस झालं, छाती लई धडधडतीया म्हनत्यात.”

मयूरेशनं बॅग उचलली आणि चप्पल पायात सरकवत तिच्या पुढं धावत निघाला.

चार वाजता परतला. शिवाप्पाची नाडी ताळ्यावर येत होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला त्याला स्वतः गाडीत बसवून तो आला होता. घामानं निथळत होता. काही न बोलता तो फळ्याकडं गेला आणि बाईंच्या नावाआधी त्यानं आपलं नाव लिहिलं. मला तो पोरगा पहिल्यांदा मनापासून आवडला.

अंधार पडेपर्यंत लोक येत होते. गोळ्या परत देत होते, वर टोमणेही मारत होते. तो मान खाली घालून एकेकाची छाती तपासत होता.

शेवटचा माणूस गेल्यावर त्यानं उद्याची बातमी लिहायला खडू घेतला. हात फळ्याजवळच थांबला.

“मॅडम, आता यांचा माझ्यावर विश्वास बसेल?”

बाईंनी खोडलेल्या ओळीखालच्या दुरुस्तीवर बोट ठेवलं.

“अक्षर जरा बारीक काढ,” त्या म्हणाल्या. “खाली जागा राहू दे.”