शेंडा नसलेलं पान

फार वर्षांपूर्वी, खाडीवर अजून पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. शेळवणातून पलीकडच्या तळाशेताला जायचं तर भरतीची वाट पाहत होडीत बसून राहावं लागे. त्या शेळवणात आवडू नावाची एक बाई राहत होती. ती नेमकी कधी होऊन गेली हे आता कोणालाच सांगता येत नाही. कोणी म्हणतं आजोबांच्या आजोबांच्या काळात, कोणी म्हणतं त्याच्याही आधी. ती चांगली उंच होती असं म्हणतात, आणि ठेंगणी होती असंही म्हणतात. तिच्या केळींबद्दल मात्र दुमत नाही.

केळी राजेळी जातीच्या. कच्ची असताना उकडून खावीत, पिकल्यावर परतावीत, वाळवून दळली तर भाकरीचं पीठ व्हावं अशी लांब, जाड, पिठूळ केळी. आवडूची बाग वरच्या वाडीत होती, डोंगरातून उतरणाऱ्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला. तिचा नवरा खाडीत होडी उलटून गेला तेव्हा पदरात सुबी नावाची लहान मुलगी होती आणि घरात दाणा नव्हता. ते वर्ष मायलेकींनी या केळींवर काढलं. सकाळी उकडलेली, संध्याकाळी निखाऱ्यात भाजलेली. त्या वर्षापासून आवडू घड उतरवण्याआधी केळीच्या बुंध्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायची. काय पुटपुटायची ते कोणी ऐकलेलं नाही.

आता त्या गावांची खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

केळीच्या पानाला शेंडा एकच. जेवणाच्या पंगतीत शेंडा असलेलं पान मानाचं, आणि मागचा तुकडा, म्हणजे बुडख्याचं पान, बाकीच्यांना. पूर्वी शेंड्याचं पान देवळाच्या मानकऱ्याला तेवढं मिळे. मग वरच्या वाडीनं मागितलं. मग खालच्या वाडीला वाटलं, आम्ही काय कमी? मग व्याही म्हणाले आम्हालाही, मग व्याह्यांचे भाऊ, मग भावांचे मेहुणे. होता होता शेळवणात आणि तळाशेतात अशी रीत पडली की लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाला शेंड्याचं पान. एकेका माणसापायी एकेक अख्खं पान कापायचं, शेंडा ठेवायचा आणि उरलेलं गुरांपुढे टाकायचं. गुरं तेवढी खूश होती. वैशाख सरेपर्यंत दोन्ही गावांतल्या केळी उपटलेल्या पिसांच्या कोंबडीसारख्या दिसायच्या.

आवडू आपल्या केळींना कोयती लावू देत नसे. घड उतरून झालेल्या केळीचं पान कोणीही न्यावं, घड धरलेल्या केळीचं नाही. गावचा मानकरी सातू एकदा स्वतः मागायला आला.

"अगो आवडू, पान म्हणजे काय सोना? आज कापलास तर उद्या दुसरा येतला."

"येवचा नाय. केळफूल बाहेर इला की केळीक नवा पान नाय. आसत त्याच पानांवर तिका घड भरूचो असता."

"म्हणजे केळ पानान जेवता म्हणतंस?" सातू हसला.

"हसा. तिचे हात तोडतास आणि तिच्याकडेच वाढूक सांगतास."

सातू हसतच गेला, आणि तेव्हापासून गावात तिला 'पानाक महाग आवडू' म्हणायला लागले.

सुबी मोठी झाली. तळाशेतातल्या गणो परबाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. गणो परब तसा वाईट माणूस नव्हता. कोणाच्या अडीनडीला पहिला धावायचा. पण मानाच्या बाबतीत फार कडक. लग्न वैशाखात, आवडूच्या अंगणात. आणि त्या वैशाखात दोन-चार सोडल्या तर तिच्या सगळ्या केळी घड धरून उभ्या.

"आये," सुबी म्हणाली, "माझ्या लग्नात तरी शेंड्याची पाना वाढ गो. एका दिवसाचो प्रश्न."

आवडू कोयती घेऊन बागेत गेली. पहिल्या केळीपाशी थांबली, दुसरीपाशी थांबली. मुलगी एकुलती एक होती. कापावं असं तिला अगदी वाटलं. पण केळफुलं खाली वाकलेली होती, त्यांच्या लाल पाकळ्यांआड केळ्यांच्या फण्या नुकत्या दिसायला लागल्या होत्या, आणि तिला ते जुनं वर्ष आठवलं. ती घड दिलेल्या केळींची पानं तेवढी घेऊन परतली. ती पंगतीला पुरेनात, म्हणून एकेकाचे दोन-तीन तुकडे करावे लागले. मग तिच्या मनात आलं, काहींना शेंडा आणि काहींना बुडखा म्हणजे भांडण नक्की. तेव्हा तिनं बसून सगळ्या पानांचे शेंडे कापून टाकले. सगळे सारखे, कोणाची तक्रार नको. आवडूनं आयुष्यात एक मोठी चूक केली असेल तर ती हीच, असं म्हणतात.

लग्न लागलं. पंगत बसली. गणो परबानं समोरच्या पानाकडे पाहिलं, शेजारच्या पानाकडे पाहिलं.

"विहीणबाय, ह्या पानाचो शेंडो खय गेलो?"

पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "आवडून कढयेत घातल्यान!"

सगळी पंगत हसली. तो माणूस गप्प बसता तर गणो परब कदाचित चार घास खाऊन उठला असता. पण हसू झालं, आणि तो ताडकन उभा राहिला.

"आमका बुडख्याच्या पानार बसयलास. चेडू आता आमचा, ता घेऊन जातंव. पण ह्या घराचो उंबरठो आजपासून तिका बंद."

आवडूच्या हातात भाताचं भांडं होतं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "व्याही, भात गरम आसा. जेवा, मग रागवा."

कोणी जेवलं नाही. वऱ्हाड तरातरा खाडीवर गेलं आणि होडीत बसलं. तर ओहोटी लागलेली. होडी चिखलात रुतून बसली. सगळं वऱ्हाड उपाशी पोटी, आवडूच्या डोळ्यांसमोर, उन्हात, भरतीची वाट पाहत बसून राहिलं. उतरणं त्यांना कमीपणाचं वाटलं, आणि पुन्हा बोलवायचा आवडूला धीर होईना. ती भांडं घेऊन काठावर उभी राहिली. मुंडावळ्यांच्या आडून सुबी तिच्याकडे पाहत होती. भात थंड झाला, पाणी चढलं, होडी गेली.

त्याच आषाढात अमावास्येचं उधाण आलं. वरून पाऊस, खालून समुद्र. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून दोन्ही काठांना मातीचे बांध होते. एका दिवसात दोन्हीकडचे बांध फुटले. भाताचा कोवळा तरवा खाऱ्या पाण्याखाली पिवळा पडला आणि कुजला. खाडीत मासे होते, नाही असं नाही, पण नुसत्या माशांवर गाव किती दिवस काढणार? मग लोकांना केळी आठवल्या. बागा उंचावर होत्या, खारं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. लोक गेले आणि पाहतात तो घड भरलेच नव्हते. केळी कसली, वाळक्या शेंगा. पानंच नव्हती तर भरणार कशावर?

आवडूच्या केळी मात्र वाऱ्यानं फाटलेली पानं अंगावर घेऊन उभ्या होत्या, आणि एकेका घडाला बांबूचे दोन-दोन टेकू द्यावे लागत होते.

सातू मानकरी आला तो खाली मान घालून. "आवडू, काय बोलाचा आसात ता बोल."

"बोलाक खय वेळ आसा? कोयती धर."

घड उतरायला लागले. कच्ची केळी उकडली, काप करून चुलीवरच्या माचीवर वाळवले, दळून पीठ केलं, भाकऱ्या थापल्या. केळफुलांची भाजी झाली, कापलेल्या केळीच्या गाभ्याचीही झाली. सकाळी बागेतला शेवटचा पिकता घड उतरवावा, तर दुपारी दुसऱ्या केळीचा घड टेकू मोडून खाली आलेला असे, असं म्हणतात. कोणी मोजायला गेलं की मोजणी चुकायची, म्हणून लोकांनी मोजणं सोडून दिलं. यातलं सगळंच धरून चालावं असं नाही. पण शेळवणात त्या वर्षी भुकेनं माणूस गेलं नाही, हे दोन्ही गावं सांगतात.

आवडूचं लक्ष पलीकडे होतं. परबांच्या घरावर चुलीचा धूर दिसेनासा झाला होता. तिनं होडीवाल्याबरोबर घड पाठवले. घड जसेच्या तसे परत आले.

"परब म्हणतत, आमका भीक नको," होडीवाला म्हणाला. मग घुटमळत पुढे म्हणाला, "सुबीक दिवस गेलेत. भिंतीक धरून चलता."

आवडू ओट्यावर बसून राहिली. केळी होती, भाकरी होती, आणि खाडीच्या पलीकडे मुलगी उपाशी होती. मध्ये नुसता एक शब्द आडवा पडला होता. परब वाईट नाही, हे तिला ठाऊक होतं. मान खाली घालून या दारात यायचं त्याला जमत नव्हतं, एवढंच.

ती उठली. बागेत व्हाळाच्या अगदी कडेला एक केळ होती, सगळ्यांत उशिरा व्यालेली, घड नुकता धरलेला, वाऱ्यातून धड असं एकच पान उरलेलं. तिचं सगळ्यांत वरचं, कोवळं, कुठेही न फाटलेलं पान आवडूनं कापलं. शेंड्यासकट अख्खं. ते पान तिनं होडीत लांबलचक पसरलं.

"परबांक सांग, शेंड्याचा पान पाठवलंय. सुबीक घेऊन जेवक येवचा."

होडी पलीकडे लागली. गणो परब काठावर आला आणि पानाकडे पाहत उभा राहिला. घड का भरले नाहीत हे एव्हाना त्याच्याही गावाला कळून चुकलं होतं.

"ह्या खंयच्या केळीचा पान?"

"घड धरलेल्या," होडीवाला म्हणाला.

परब घरात गेला आणि सुबीला हाताला धरून घेऊन आला.

आवडूच्या ओट्यावर पाट मांडला होता. होडीतून परत आलेलं तेच पान धुऊन परबापुढे ठेवलं. सुबी सरळ बागेत गेली, व्हाळाकाठची केळ पाहून आली आणि आईच्या कानाशी लागली. "आये, तिचो घड आता भरूचो नाय."

"रवांदे गो."

आवडू भाकरी वाढायला वाकली, तर परबानं हात आडवा केला. परबानं पानाचा शेंडा दोन बोटांत धरला आणि टरकन फाडून बाजूला ठेवला.

"शेंडो खूप वर्षां खाल्लंय मी, विहीणबाय," तो म्हणाला. "आता वाढा."

भात त्या घरात नव्हताच. केळ्याच्या पिठाची भाकरी होती. पण आवडूच्या तोंडून तेच शब्द निघाले, जे त्या दिवशी निघाले होते. "भात गरम आसा. जेवा."

परब खाली मान घालून जेवला. सुबी आईच्या पानात जेवली. तो फाडलेला शेंडा आवडूनं नेऊन व्हाळाकाठच्या केळीच्या मुळाशी ठेवला.

त्या केळीचा घड खुरटायला हवा होता. तो वाढत राहिला. वाढत वाढत जमिनीला टेकला, तरी थांबेना. शेवटी सातूनं आणि परबानं मिळून त्याखाली खड्डा खणला, आणि घड त्या खड्ड्यात उतरला, असं म्हणतात. तो उतरवला त्याच दिवशी सुबीला मुलगी झाली. त्या घडाची पेज दोन्ही गावांनी खाल्ली. खड्डा अजून आहे. पावसात त्यात बेडूक असतात.

पुढचा पाऊस पडल्यावर आवडूनं आपल्या केळींचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, घरोघर दिली. शेळवणात दिली तशीच तळाशेतात दिली. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली. म्हातारपणी सुबी तिला तळाशेताला चल म्हणायची, तेव्हा ती म्हणायची, "घड दिलेली केळ कापूचीच लागता गो. नायतर पोरां वाढनत नाय." एका सकाळी ती बागेत गेली आणि परत आली नाही. शोधायला गेलेल्यांना व्हाळाकाठी तिची कोयती सापडली आणि तिच्याशेजारी बाईच्या उंचीची, अजून न उलगडलेली पानाची हिरवी सुरळी. आदल्या दिवशी ती तिथे नव्हती, असं म्हणतात.

आता खाडीवर पूल आहे, बांध सिमेंटचे आहेत, आणि लग्नं हॉलमध्ये होतात. जेवण स्टीलच्या ताटांत असतं, उभ्यानं. तरी शेळवण असो वा तळाशेत, नवऱ्या मुलाच्या वडिलांसाठी एक पाट मांडतात आणि घड दिलेल्या केळीचं एक अख्खं पान आणतात. पान विसरलं असेल तर कोणालातरी मोटारसायकलवर पिटाळतात. व्याही बसतो, आपल्या हातानं शेंडा फाडतो आणि बाजूला ठेवतो. त्याला आवडूचा शेंडा म्हणतात. तो शेंडा मग व्हाळाकाठी त्या जागेवरच्या केळीच्या मुळाशी नेऊन ठेवतात, आणि सासरी निघालेल्या मुलीच्या हातात त्या केळीचा एक मुनवा येतो.

शेंडा फाटेपर्यंत हॉलमधलं कोणी ताटाला हात लावत नाही. आणि तो फाटला की मुलीची आई, ताटात पुलाव असो नाहीतर पुरी, भांडं हातात घेऊन म्हणते, "भात गरम आसा. जेवा."

मग सगळे जेवतात.