वाजणारी ट्रॉली

"चाचा, किती वर्षं टिकेल?"

"कोण?"

"ही. ट्रॉली."

शरफूचाचांनी निळ्या ट्रॉलीकडे पाहिलंच नाही. त्यांनी कौस्तुभकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कागदाकडे, आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे.

"सूनबाई, पाणी घेतलं का?"

मी मान हलवली. कौस्तुभशी लग्नाला चार महिने झाले होते. मान हलवण्यावर माझं बरंच भागत होतं.

शरफूचाचांची शेड गावाबाहेर, घाटी उतरून आलं की डाव्या हाताला. पूर्वी ते बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, आता ट्रॉल्या जोडतात. आठवीपासून दर मे महिन्यात कौस्तुभ इथे वेल्डिंग शिकला. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, तो इथलाच. पुढे तो इंजिनियर झाला, चिंचवडला नऊ वर्षं नोकरी केली, आणि गेल्या वर्षी ती सोडून वडिलांची आंब्याची बाग करायला परत आला. सोबत एक चार चाकांची बाइक घेऊन आला. ती आधी समुद्रावर पर्यटकांना फिरवायची. तिच्या टाकीवर अजून वाघाचा जबडा रंगवलेला आहे. सासूबाई तिला हळदकुंकू लावताना डोळे मिटून घेतात.

बाग वर, कातळावर. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर उतार आणि चार वळणं. डोक्यावरून क्रेट उतरवायला आता माणसं मिळत नाहीत, म्हणून बाइक. आणि बाइकच्या मागे ट्रॉली.

पहिली ट्रॉली कौस्तुभने स्वतः बनवली होती. ती आठ दिवसांपूर्वी बावीस क्रेट हापूससकट पऱ्यात, वळणाखालच्या ओढ्यात, गेली. तीन दिवस वानरांची चैन झाली.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, ओरडले नाहीत. संध्याकाळी पानाचा डबा उघडता उघडता म्हणाले, "आंब्यांची दुसरी तोडही पऱ्यात गेली, तर पुढच्या वर्षी बाग कराराने देऊ. तू जा चिंचवडला. सूनबाईलाही घेऊन जा."

दुसरी तोड शुक्रवारी होती. आज बुधवार.

"तीन एमएमचा पत्रा हवा," कौस्तुभ कागदावरून वाचत होता. "खाली डबल चॅनेल. दांडी थेट चासीला वेल्ड. कुठे म्हणून हलता कामा नये."

"हं."

"निळी तशीच आहे. मी मोजली."

"रिसॉर्टवाल्यांनी सांगून करून घेतली आहे. त्यांचं मैदान सपाट." चाचांनी बिडी कानामागे खोचली. "चढाला तू तिला ओढशील. उताराला काय होईल?"

"उताराला... ती येईल मागून."

"येईल नाही, ढकलेल. पत्रा जितका जाड, तितकी जोरात ढकलेल."

कौस्तुभने कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी आकडेमोड केली. बहुतेक चाचांचं बरोबर निघालं, कारण त्याने कागद उलटा केला.

"ठीक. पत्रा कमी करू. पण दांडी पक्कीच. जोडात फट राहिली की आवाज येतो चाचा. मला आवाज नको. जुनीच्या जोडालासुद्धा मी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. लोण्यासारखी चालायची. मागे आहे हे कळायचंसुद्धा नाही."

"कळलं नाहीच," चाचा म्हणाले.

हे खरं होतं. त्या दिवशी कौस्तुभ खालपर्यंत पोचला, बाइक बंद केली, हातमोजे काढले, क्रेट उतरवायला मागे वळला... आणि मागे रस्ता होता.

कौस्तुभचे कान लाल झाले. चाचा खोकल्यासारखे हसले. मी पदराशी खेळले असते, पण ड्रेस घातला होता, म्हणून पर्सच्या चेनशी खेळले.

"चाचा, चेष्टा नको. आवाज मला खरंच सहन होत नाही. कंपनीत नऊ वर्षं प्रेसशॉपच्या धडधडीत काढली. आता घर कसं शांत आहे बघा." त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "ही तर दिवसाला दहा वाक्यं बोलते. नशीबवान आहे मी."

"नशीबवान आहेसच," चाचा म्हणाले. मग उठले. "सूनबाई, निळीत बस."

"मी?"

"आंबे कुठून आणू आत्ता?"

मी चप्पल काढून निळ्या ट्रॉलीत बसले. मागच्या फळीला टेकून, पाय पसरून. नव्या रंगाचा वास येत होता. चाचांनी चाकाच्या वाटेत जांभ्याचा एक चिरा आडवा टाकला.

"बाइकने नको. हाताने ओढ."

कौस्तुभने दांडी धरली. सपाटीवर ट्रॉली खरंच लोण्यासारखी चालली. त्याने मागे वळून मला एक विजयी भुवई दाखवली.

मग डावं चाक चिऱ्यावर चढलं.

ट्रॉली कलली आणि तिच्यासोबत दांडीही पिळली गेली. तिला सुटं फिरायला जागाच नव्हती. पीळ थेट कौस्तुभच्या मनगटात गेला. तो "आई गं!" म्हणाला आणि त्याने दांडी सोडली. दांडी आभाळात गेली, फळी जमिनीला टेकली, आणि आप्पांची सून अलगद घसरत मातीत बसली.

लागलं नाही. पण ओढणी चिऱ्याखाली अडकली, ती सोडवायला दोघे एकदम धावले आणि एकमेकांवर आपटले.

"आता ती," चाचा म्हणाले.

ती म्हणजे शेडच्या मागे उभी असलेली त्यांची स्वतःची ट्रॉली. सतरा वर्षं तिने चिरे वाहिले होते. रंग कुठला ते सांगता येणार नाही. पत्रा पातळ, खाली स्प्रिंगचे पाटे, आणि दांडी चासीला वेल्ड केलेली नव्हती. ती एका जाड नळीत बसवलेली होती, कडेवरच्या मुलाने मान वळवावी तशी दोन्हीकडे वळायची.

मी पुन्हा बसले. कौस्तुभने मनगट चोळलं, दांडी धरली, आणि पहिल्याच पावलाला आवाज सुरू झाला. खळ्ळ, खुळ्ळ, खडाड. भांड्यांची मांडणी घेऊन कोणी पळत सुटावं तसा.

डावं चाक चिऱ्यावर चढलं. ट्रॉली कलली, मीही कलले. दांडी मात्र त्याच्या हातात सरळच राहिली. चाक चिऱ्यावरून उतरलं. खडाड. मी जागच्या जागी होते.

कौस्तुभ थांबला. त्याने ट्रॉली पुन्हा मागे नेली, पुन्हा चिऱ्यावर चढवली. मग तिसऱ्यांदा. तो काय झालं ते समजून घेत होता. अशा वेळी त्याची जीभ थोडी बाहेर येते. मला ते फार आवडतं, पण अजून त्याला सांगितलेलं नाही.

"सूनबाई, कुठली?" चाचांनी विचारलं.

"ही," मी म्हणाले.

"पण वाजते!" कौस्तुभ म्हणाला. "चाचा, जोड उत्तम आहे, मानलं. ही शुक्रवारपर्यंत द्या. मी फक्त नळीत ट्यूब भरतो. थोडी. तेवढं चालेल ना?"

त्याने खिशातून ट्यूबची गुंडाळी काढलीसुद्धा. घरून आणली होती.

चाचा त्या गुंडाळीकडे बघत राहिले.

मी ट्रॉलीतून उतरले. पर्सची चेन उघडली. आतल्या कप्प्यात, गाठ मारलेल्या रुमालात ती आठ दिवस होती. मी ती काढून चाचांच्या तळहातावर ठेवली.

तारेची चिमटी. ट्रॉली ज्या खिळीने बाइकला जोडतात, ती खीळ वर सरकू नये म्हणून तिच्या टोकात घालतात ती.

कौस्तुभ वाकून बघू लागला.

"ही तर आपली. कुठे मिळाली?"

"दुसऱ्या वळणावर."

"पऱ्यात उतरलीस होय तू? एकटीच?"

"नाही... वाटेत पडली होती. मी मागून चालत येत होते. पाण्याचे रिकामे कॅन घेऊन."

"पण ट्रॉली तर तिसऱ्या वळणावर..." तो थांबला. त्याचे ओठ हलत होते, वळणं मोजल्यासारखे. "म्हणजे सुटायच्या आधी?"

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"खीळ वर सरकताना दिसली. हळूहळू. तू वळणावर वळलास की थोडी थोडी."

"मग हाक का नाही मारलीस?"

घरात, मोठ्यांसमोर, मी त्याला अहो म्हणते. चाचांसमोर आत्ता ते राहिलं. चाचा बिडी शोधू लागले. ती कानामागेच होती.

"सकाळी तू म्हणालास, मागून सूचना नकोत. आंबे भरून पहिलीच खेप आहे, लक्ष विचलित होतं." माझा आवाज मलाच नवा वाटत होता. "मला वाटलं, याने बनवली आहे, याला माहीत असेल. मग वाटलं, ओरडले आणि काही झालंच नाही तर... आणि मग ती गेली."

दहा वाक्यं केव्हाच संपली होती.

"आठ दिवस मी हे घेऊन फिरते आहे," मी म्हणाले. "आप्पा चिंचवडचं बोलले, तेव्हाही पर्स मांडीवर होती."

शेडच्या पत्र्यावर भेंडीच्या झाडाचं एक सुकं फळ पडलं. कोणीच वर पाहिलं नाही.

कौस्तुभ वाजणाऱ्या ट्रॉलीच्या दांडीवर बसला. ती खळ्ळ करून वाजली. त्याने ट्यूबची गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुला जायचंय का चिंचवडला?" त्याने विचारलं.

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तो चिंचवड सोडून आला, तेव्हा आमचं ठरायचं होतं. आप्पांनी परत पाठवायचं म्हटलं, तेव्हा मी भाकरी थापत होते.

"नाही," मी म्हणाले. "मला वरचा कातळ आवडतो. आणि तो वाघसुद्धा, टाकीवरचा."

तो हसला. थोडंसं, खाली बघत. मग उठून त्याने गुंडाळी शेडच्या भंगाराच्या ढिगावर टाकली.

चाचांनी चिमटी ऐरणीवर ठेवून दोनदा ठोकली, ताण बघितला, आणि तीच चिमटी आपल्या ट्रॉलीच्या खिळीत घातली. आम्ही बाइक मागे घेतली. जोड बसला. कौस्तुभने किक न मारता नुसती बाइक ढकलून पाहिली. खळ्ळ, खुळ्ळ, खडाड. शेजारच्या आवारातली कोंबडी पळाली.

"माझी आहे ती," चाचा म्हणाले. "सीझनभर ने. पुढे तुझी तू बनव, तिच्याकडे बघून."

कौस्तुभ वाकला आणि त्यांच्या पाया पडला. मीही पडले. मी बाइकवर मागे न बसता ट्रॉलीतच बसले. कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने बाइक चालू केली, आणि मग पुन्हा बंद केली.

"चाचा..."

"हं?"

"दीड किलोमीटर. रोज आठ खेपा. हा आवाज... सवय होईल ना हळूहळू?"

चाचांनी बिडी पेटवली. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"होऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "आणि एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर गाडी तिथेच उभी कर... आणि चालत मागे जा."