खांबातली राजकन्या

एका राज्यात रत्नांगद नावाचा राजा होता. लेक एकुलती एक, चारुमती; तिच्यावर त्याचा भारी जीव. तिच्या लग्नासाठी असा लाकडी महाल बांधीन की देवांनीही तोंडात बोटे घालावीत, असे त्याच्या मनाने घेतले. मग काय, राजाच तो! त्याच्या मनाने घ्यायचे आणि रानाने भोगायचे.

त्या राज्यातल्या लाकूडतोड्यांची एक रीत होती. झाड तोडण्याआधी कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने बुंधा ठोकायचा, आत कोणी आहे का ते ऐकायचे. आत पिल्ले असली तर त्या ऋतूपुरते झाड सोडून द्यायचे. राजाला एवढा दम कुठला? मुहूर्त तोंडावर आला होता. त्याने रीतच मोडीत काढली. डोंगर बोडके झाले, ओढे आटले आणि महाल उभा राहिला.

सगळ्यात जाड खांब एका जुन्या बेहड्याचा होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. धनेशाची मादी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि त्या फटीतून नर तिला भरवतो. बिचारी पळणार कुठून? झाड पडले तेव्हा ती आतच मेली.

लग्नाच्या सकाळी तो नर महालात उतरला आणि माणसासारखा बोलला.

"राजा, माझी घरधनीण तुझ्या खांबात गेली. आता तुझी लेक जाईल."

चारुमती खांबाजवळच उभी होती. खांब उघडला, त्याने तिला आत घेतले आणि तो मिटला. बोटभर फट तेवढी उरली. सुतार धावले; पण करवत लावली की आतून चारुमती कळवळे. मुकुट पक्ष्यापुढे ठेवून राजाने उपाय विचारला.

"तीन कामे कर," धनेश म्हणाला. "लेकीला स्वतः आणलेली उंबरे भरव. सावलीतल्या झऱ्याचे पाणी पाज. आणि या खांबाला पालवी आण."

उंबर शोधत राजा अनवाणी निघाला. आपल्याच राज्यात त्याला फळाचे एक झाड मिळेना! अखेर सीमेवर एक उंबर सापडला. रोज तिथवर चालत जायचे, ओंजळभर फळे आणायची आणि फटीतून एकेक आत द्यायचे, हा त्याचा राजधर्म झाला. आत लेकीचे ओठ बोटांना लागले की त्याला रडू फुटे.

झरा तर त्याहून दुर्मीळ. तोवर शेजारच्या राजाच्या दारात हात जोडून त्याने पाणी आणले, आणि इकडे आटलेल्या ओढ्याकाठी स्वतः रोपे लावली. हसणारे हसले. वर्षे गेली, रोपांची झाडे झाली, आणि एके दिवशी त्यांच्या सावलीत जमीन ओली दिसली. बोट टेकवताच पाणी वर आले. राजाने ते ओंजळीत नेले आणि फटीतून लेकीला पाजले.

राहिला खांब. छपराखाली पालवी येणार कशी? राजाने सोन्याचे छप्पर उतरवले, संगमरवरी फरशी उखडली, ऊनपाऊस आत येऊ दिला. खांबाने मुळे सोडली. नक्षीवर साल चढली. एका सकाळी माथ्यावर तांबूस पाने लवलवली, बुंधा उघडला आणि चारुमती बाहेर आली. लग्नाच्या दिवशी होती तेवढ्याच वयाची! पांढऱ्या केसांच्या राजाने तिला पोटाशी धरले आणि तो लहान मुलासारखा रडला.

फांदीवर धनेश बसला होता. राजाने विचारले, "आणि तुझी घरधनीण?"

"ती येणार नाही," धनेश म्हणाला. "तुझ्या लेकीला शाप होता, राजा. माझीला कुऱ्हाड होती."

एवढे बोलून तो उडाला. त्याच्या पंखांचा आवाज डोंगर ओलांडेपर्यंत ऐकू येत राहिला.

चारुमती गादीवर बसली. ओढे वाहू लागले, रान दाटले, रयत सुखी झाली. म्हातारा राजा मात्र रोज ओंजळभर उंबरे घेऊन त्या बेहड्याखाली उभा राही. धनेश काही परत आला नाही.